अन्नसुरक्षेची परिभाषा : एक चिकित्सा

१

कोणत्याही व्यवसायाची परिभाषा ही केवळ सोयीची खूण नसते. कोणती वस्तुस्थिती बोलण्याजोगी आहे आणि कोणती नाही, याचा निवाडा ती नकळत करीत असते. आंतरराष्ट्रीय धर्मादाय संस्था ज्यांना ‘अन्नसुरक्षा व उपजीविका कार्यक्रम’ म्हणतात, त्यांच्या निमित्ताने गेल्या काही दशकांत प्रस्ताव, करारपत्रे, प्रश्नावल्या, त्रैमासिक अहवाल आणि मूल्यमापने यांचा मोठा लेखनसंभार निर्माण झाला आहे. वाङ्मय म्हणून तो कोणी वाचत नाही. अर्थशास्त्रज्ञ वाचतात ते त्यातील आकड्यांपुरते. तथापि एखाद्या कुटुंबाचे नाव धान्याच्या यादीत राहील की गळेल, हे अखेरीस याच लेखनातील शब्दांवर ठरते. म्हणून भाषाभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

अशा कार्यक्रमाची रचना थोडक्यात अशी असते. देणगीदार सरकार किंवा निधी पैसा देतो आणि संस्था ठरावीक मुदतीत ठरावीक फल दाखविण्याचे कबूल करते. संस्थेचे स्थानिक कार्यालय गावोगावी काम करते आणि झालेल्या कामाचा हिशेब उलट दिशेने देणगीदाराकडे जातो. या साखळीच्या मध्यभागी कार्यक्रमाचा व्यवस्थापक उभा असतो. धान्य, बी-बियाणे, शेळ्या, रोख रक्कम यांची ने-आण पाहणे हे त्याचे दृश्य काम होय. पण त्याच्या दिवसाचा फार मोठा भाग एका निराळ्या व्यवहारात जातो. देणगीदाराची भाषा गावाच्या भाषेत उतरविणे आणि गावाचे बोलणे देणगीदाराच्या भाषेत चढविणे, हा तो व्यवहार. वस्तुतः तो दुभाषी आहे. या भाषांतरात नेमके काय गळते आणि जे गळते ते गौण असते काय, या प्रश्नाची चिकित्सा येथे करावयाची आहे.

२

या चिकित्सेसाठी सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर प्रांतातील १९८४-८५ च्या दुष्काळाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पाऊस सलग हुकला होता, पिके गेली होती आणि जनावरांचे बाजारभाव कोसळले होते. अमेरिकेने ज्वारी देऊ केली. दारफूरमधील वाटपाची जबाबदारी ब्रिटनच्या ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ या संस्थेकडे आली आणि शेजारच्या कोर्दोफानमधील ‘केअर’कडे. बंदरापासून दारफूरपर्यंतचा लांबचा लोहमार्ग आणि पावसाळ्यात अडणारे रस्ते यांमुळे धान्य उशिरा व अपुरे पोहोचले. या ज्वारीला लोकांनी तत्कालीन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे नाव दिले. ते तिला ‘रीगन’ म्हणू लागले. दात्याचे नावच धान्याचे नाव व्हावे, हा शब्दव्यवहार लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या दुष्काळाचा अभ्यास ॲलेक्स डी वाल यांनी प्रथम त्याच संस्थेसाठी १९८७ साली अहवालरूपाने आणि पुढे १९८९ साली ‘फॅमिन दॅट किल्स’ या ग्रंथाच्या रूपाने मांडला. त्यांच्या विवेचनाचा प्रारंभबिंदू शब्दार्थाचा आहे. इंग्रजी ‘फॅमिन’ या शब्दात उपासमारीने होणारे सामुदायिक मृत्यू गृहीत असतात. दारफूरमधील अरबी ‘मजाआ’ या शब्दात ते तसे गृहीत नाहीत. मजाआ म्हणजे भूक, हलाखी आणि घडी विसकटणे. ज्या दुष्काळात माणसे मरतात त्याला ‘मारणारी मजाआ’ असे विशेषण जोडून वेगळे काढावे लागते. प्रत्येक मोठ्या दुष्काळाला तेथे स्वतंत्र नाव असते. १८८८-८९ च्या सुमाराचा घोर दुष्काळ हिजरी सन १३०६ वरून ‘सनत सित्ता’ म्हणजे ‘सहाचे साल’ या नावाने, तर १९१३-१४ चा दुष्काळ ‘जुलू’ म्हणजे ‘भटकंती’ या नावाने स्मरणात राहिला. ‘बाहत्तरचा दुष्काळ’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला या नामकरणाची रीत परकी वाटणार नाही.

शब्दार्थातील हा भेद केवळ कोशापुरता नाही. डी वाल यांना असे आढळले, की दुष्काळात सापडलेल्या माणसांचे पहिले उद्दिष्ट आजची भूक भागविणे हे नव्हते. पुढल्या वर्षी आपली शेती, आपले जनावर आणि आपली समाजातील जागा शिल्लक राहावी, हे होते. त्यासाठी त्यांनी उपास पत्करला आणि ‘मुखैत’सारखी, कडूपणा जाण्यासाठी कित्येक दिवस भिजत घालावी लागणारी रानफळे खाल्ली. एका बाईने तर बाजरीचे बियाणे मातीत मिसळून पुरून ठेवले होते. उपाशी मुलांनी ते खाऊन टाकू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. या दुष्काळात सुमारे एक लाख माणसे अधिक मेली असा अंदाज आहे. परंतु त्या मृत्यूंचे मुख्य कारण डी वाल यांच्या मते निव्वळ अन्नाचा अभाव हे नसून गोवर, अतिसार आणि हिवताप हे रोग आणि ते पसरविणारी विस्कळीत वस्ती व दूषित पाणी हे होते.

बियाणे पुरणाऱ्या बाईचे वर्तन वाक्यात मांडावयाचे झाल्यास त्या वाक्याचा कणा एक उभयान्वयी अव्यय आहे : पुढच्या पेरणीला बी हवे, *म्हणून* आज घरात उपास. या ‘म्हणून’मध्ये तिचा विचार, तिचा अनुभव आणि तिचा निर्णय सामावलेला आहे.

३

दारफूर आणि तत्सम अनुभवांचा संस्थांच्या परिभाषेवर परिणाम झाला, हे नाकारता येणार नाही. १९७४ च्या जागतिक अन्न परिषदेच्या व्याख्येत अन्नसुरक्षा म्हणजे मुख्यतः जगातील धान्यसाठ्याची पुरेशी उपलब्धता होती. अमर्त्य सेन यांच्या १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथाने लक्ष साठ्यावरून माणसाच्या हक्कदारीकडे वळविले. १९९६ च्या रोम येथील परिषदेने केलेल्या व्याख्येत सर्व माणसांना सर्व काळ पुरेसे, निर्धोक व पोषक अन्न प्रत्यक्ष व आर्थिक दृष्ट्या मिळू शकणे आणि ते त्यांच्या गरजांना व आवडीनिवडींना धरून असणे, या गोष्टी आल्या. दरम्यान रॉबर्ट चेंबर्स व गॉर्डन कॉनवे यांनी १९९२ साली ‘शाश्वत उपजीविका’ या संकल्पनेला नेमकेपणा दिला आणि १९९९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या तत्कालीन विकास खात्याने तिला पाच ‘भांडवलां’च्या आकृतीचे रूप दिले.

याच काळात सेव्ह द चिल्ड्रन फंडाने ‘कुटुंब-अर्थव्यवस्था पद्धती’ विकसित केली. एखादे कुटुंब आपले वर्ष कशाकशाने भरून काढते, म्हणजे स्वतःचे पीक किती, मजुरी किती, रानातले किती, नातलगांकडून किती, हे या पद्धतीत लोकांकडूनच समजून घेतले जाते. गरीब कोण आणि बरे कोण, याच्या स्थानिक कसोट्याही त्यांच्याच शब्दांत घेतल्या जातात. विशेष म्हणजे ती दोन सीमारेषा मानते : एक जगण्याची आणि दुसरी उपजीविका राखण्याची. पहिलीच्या वर पण दुसरीच्या खाली असलेले कुटुंब जगते, पण बी आणि जनावर गमावून जगते. दारफूरमधील बाईचा ‘म्हणून’ या दुसऱ्या रेषेत मान्य झालेला दिसतो. ऐकण्याची रीत मुळात अशक्य नव्हती, याचा हा पुरावा होय.

४

असे असूनही नित्याच्या व्यवस्थापनात हा ‘म्हणून’ टिकत नाही. त्याचे कारण कोणाच्या दुष्ट हेतूत शोधण्यापेक्षा अहवालांच्या वाक्यरचनेत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

या लेखनाचा पाया ‘लॉगफ्रेम’ नावाचे कोष्टक आहे. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी ते १९६९ च्या सुमारास तयार झाले आणि पुढे बहुतेक देणगीदारांनी कमीअधिक फरकाने स्वीकारले. त्याच्या मूळ स्वरूपात चार ओळी व चार रकाने आहेत. खालून वर ओळी अशा : साधने, निष्पत्ती, हेतू आणि ध्येय. रकाने असे : कथन, वस्तुनिष्ठपणे पडताळता येणारे निर्देशक, पडताळणीची साधने आणि महत्त्वाची गृहीतके. ओळी एकमेकींना ‘जर-तर’ने जोडलेल्या असतात. जर साधने पुरविली तर निष्पत्ती होईल, जर निष्पत्ती झाली तर हेतू साधेल. म्हणजे कार्यकारणाची अव्यये या लेखनातून हद्दपार झालेली नाहीत. फक्त ती सगळी संस्थेच्या मालकीची आहेत. ‘जर’ संस्थेच्या कृतीचा आणि ‘तर’ लोकांच्या बदलाचा. लोकांनी काही हेतू धरून आधीच काही केले आहे, हे लिहिण्यास या कोष्टकात जागा नाही. नाही म्हणावयास एक रकाना उरतो, तो गृहीतकांचा. पाऊस सरासरीइतका होईल, बाजार सुरू राहतील, शांतता टिकेल, अशी वाक्ये तेथे लिहिली जातात. माणसे ज्या कारणांनी उपाशी राहतात ती कारणे अशा रीतीने समासात जाऊन बसतात. देणगीदाराची स्वतःची इच्छा ही तर या रकान्यात सहसा दिसतच नाही. २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबविली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते खातेच बंद केले, तेव्हा हे न लिहिलेले गृहीतक किती महत्त्वाचे होते ते कळून आले.

अहवालांची दुसरी खूण म्हणजे क्रियापदांचे नामांत रूपांतर. ‘क्षमता-वृद्धी’, ‘उपजीविका-विविधीकरण’, ‘लाभार्थी-निवड’ अशा समासांत कर्ता सांगावा लागत नाही. कोणी कोणाला निवडले, कोणत्या बैठकीत, कोणाच्या शब्दावरून, हे प्रश्न व्याकरणानेच मिटवून टाकलेले असतात. मराठीतील ‘वाटप करण्यात आले’ हे वळण त्याच जातीचे. ‘लाभार्थी’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. इंग्रजी मूळ शब्दात माणूस लाभ घेणारा आहे. ‘अर्थिन्’ म्हणजे इच्छिणारा किंवा मागणारा, म्हणून मराठी शब्दात तो लाभाचा याचक झाला. याउलट महाराष्ट्राच्या ‘रोजगार हमी’ या संज्ञेकडे पाहावे. १९७२-७३ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून विस्तारलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या या योजनेचे नावच ‘कोणाची हमी?’ असा प्रश्न उपस्थित करते; कारण हमी देणाऱ्यावाचून हमी संभवत नाही. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता देण्याचे बंधन कायद्यात होते. ते प्रत्यक्षात कितपत पाळले गेले हा प्रश्न वेगळा. पण जाब कोणाला विचारावयाचा हे त्या शब्दात स्पष्ट होते. ‘कार्यक्रम’ या शब्दात ते स्पष्ट नाही. कार्यक्रम संपतो; हमी मोडावी लागते.

५

भाषांतराचा खरा कस प्रश्नावलीत लागतो. कुटुंबाची अन्न-असुरक्षा मोजण्यासाठी अमेरिकी मदतीवर चाललेल्या ‘फँटा’ या तांत्रिक प्रकल्पाने नऊ प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. तिची सुधारित मार्गदर्शिका २००७ साली प्रसिद्ध झाली. गेल्या चार आठवड्यांविषयी विचारले जाणारे हे प्रश्न सौम्यापासून तीव्रापर्यंत चढत जातात. पहिला प्रश्न घरात अन्न पुरेल की नाही या चिंतेविषयीचा आहे. शेवटचे तीन घरात खाण्यास काहीच नसणे, उपाशी झोपणे आणि अख्खा दिवस-रात्र न खाता काढणे यांविषयीचे. पुढे निरनिराळ्या देशांतील माहिती पडताळता असे दिसले, की तुलनेला टिकतात ते हे शेवटचे तीनच. म्हणून २०११ मध्ये त्या तिघांचीच वेगळी ‘कुटुंब-भूक श्रेणी’ करण्यात आली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष प्रामाणिक आहे. चिंता, आवड, नावड या शब्दांचे अर्थ भाषेगणिक पालटतात, रिकाम्या भांड्याचा अर्थ फारसा पालटत नाही.

पण त्याचा परिणाम काय झाला? इंग्रजीतील ‘सिक्युरिटी’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘से’ म्हणजे वाचून आणि ‘कूरा’ म्हणजे काळजी या दोन घटकांचे आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे मान्य. तरीही १९९६ च्या व्याख्येतील ‘सर्व काळ’ या शब्दांत तोच अर्थ जिवंत आहे. आज पोट भरले, उद्याचे काय, ही धास्ती नसणे म्हणजे अन्नसुरक्षा. मराठीत ‘सुरक्षा’पेक्षा ‘निश्चिंती’ हा शब्द तिच्या अधिक जवळचा ठरला असता. मापनाने नेमकी हीच धास्ती गाळली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आठ प्रश्नांच्या श्रेणीत चिंतेचा प्रश्न कायम आहे, हे नोंदविले पाहिजे. पण तेथेही तो सर्वांत सौम्य पायरीवर आहे आणि जागतिक उद्दिष्टांसाठी मोजणी होते ती मध्यम व तीव्र असुरक्षेचीच. ज्या गोष्टीचे नाव कार्यक्रमाला दिले, तिच्याऐवजी तिच्या संपूर्ण अभावाचीच मोजदाद होते, असा हा विपर्यास आहे.

हा प्रश्न मराठीत आणू पाहिल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. मराठीत भुकेची किमान तीन वाक्ये आहेत. ‘तिला भूक लागली’ या वाक्यात भूक कर्ता असून माणूस चतुर्थीत आहे. ती त्याच्यावर येऊन पडते. ‘ती उपाशी राहिली’ या वाक्यात माणूस कर्ता होतो, पण इच्छेने की नाइलाजाने हे उघडे राहते. ‘तिने उपास काढला’ किंवा ‘केला’ या वाक्यात निश्चय येतो. शिवाय ‘उपाशी झोपलात का?’ आणि ‘उपाशी झोपावे लागले का?’ यांत महदंतर आहे. ‘लागणे’ या सहायक क्रियापदाने सक्ती सांगितली जाते. भाषांतरकाराला यांपैकी एक निवडणे भाग आहे आणि त्याने केलेली निवड अंतिम आकड्यात कोठेच दिसत नाही.

आता दारफूरच्या त्या बाईकडे परत वळावे. भूक-श्रेणीत तिचे घर तीव्र भुकेच्या गटात पडेल. निर्वाहाच्या युक्त्या मोजणाऱ्या संक्षिप्त निर्देशांकात पाच युक्त्यांना भार दिलेले आहेत : कमी आवडीचे अन्न खाणे १, उसने घेणे २, घास लहान करणे १, मुलांसाठी मोठ्यांनी कमी खाणे ३ आणि जेवणाची वेळ चुकविणे १. त्यातही तिचे गुण मोठे येतील. शेजारणीच्या घरी बी उरलेलेच नाही आणि तीही तितकीच उपाशी आहे, असे समजावे. दोघींचे आकडे सारखे येतील. पण पहिलीचा उपास ही पेरणीची तयारी आहे आणि दुसरीचा उपास हा पेरणीचा अंत आहे. बियाणे खाल्ले काय, असा प्रश्न दुसऱ्या एका यादीत विचारला जातो, हे खरे. त्या यादीचे उत्तर भुकेच्या गुणांशी एकत्र करून वर्गही ठरविले जातात. परंतु तेथे संयोग होतो तो आकड्यांचा. उपास आणि बी यांमधील संबंध त्यातून सांगितला जात नाही. दोन वाक्ये शेजारी ठेवली, उभयान्वयी अव्यय मात्र पुसले गेले.

याचे व्यावहारिक फळ असे. व्यवस्थापकाने दोघींना सारखेच धान्य दिले तर पहिलीचे बी वाचते आणि पेरणीनंतर ती सावरते. दुसरी धान्य संपताच पूर्ववत होते. मूल्यमापनात पहिलीचे सावरणे कार्यक्रमाच्या यशात जमा होते आणि दुसरीचे न सावरणे तिच्या दुर्बलतेत. तिला हवे होते ते बी. ते पेरणीच्या आत का पोहोचले नाही, हा प्रश्न अहवालात उद्भवतच नाही.

६

आकड्यांचा पक्षही दुर्बल नाही. तुलनेचे माप नसेल तर मदत कोठे आधी जावी हे ओळखी-पाळखीने, प्रसिद्धीने किंवा राजकारणाने ठरेल. अन्नसंकटाच्या वर्गीकरणाची आजची आंतरराष्ट्रीय पद्धती २००४ साली सोमालियात सुरू झाली. दुष्काळ जाहीर करण्यास कुटुंबांपैकी किमान २० टक्के घरांत अन्नाचा आत्यंतिक अभाव, ३० टक्के मुलांत तीव्र कुपोषण आणि रोज दर १०,००० मागे २ मृत्यू, अशा कसोट्या तिने घालून दिल्या. त्यामुळे कोणतेही सरकार केवळ नकाराने दुष्काळ लपवू शकत नाही. पण या कसोट्यांत ‘मजाआ’ बसत नाही, बसते ती ‘मारणारी मजाआ’. सोमालियात २० जुलै २०११ रोजी दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा त्या संकटातील पुष्कळ मृत्यू होऊन गेले होते. आणि १९८५ नंतर जवळजवळ चार दशकांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, हाच शब्द पुन्हा दारफूरलाच लावावा लागला. उत्तर दारफूरमधील झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे जाहीर झाले. या वेळी पाऊस हुकला नव्हता. युद्ध आणि वेढा, म्हणजे गृहीतकांच्या रकान्यातील ‘शांतता’, हुकली होती.

तेव्हा प्रश्न आकडा हवा की शब्द, असा नाही. आकडा देणगीदाराला उत्तर देण्यासाठी आवश्यक आहे. पण कार्यक्रम ज्यांच्यासाठी चालतो त्यांनाही उत्तर द्यावयाचे असेल, तर त्यांची वाक्ये अखंड वरपर्यंत गेली पाहिजेत. त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. प्रश्नावलीत वापरलेला स्थानिक शब्द आणि तो निवडण्याचे कारण अहवालात आकड्याशेजारी नोंदविता येईल. ‘किती वेळा’ या प्रश्नानंतर ‘कशासाठी’ हा एक प्रश्न विचारता येईल. निवड, वाटप आणि विलंब यांविषयीची वाक्ये कर्त्यासह लिहिता येतील. आज हे सारे व्यवस्थापकाला ठाऊक असते, पण ते त्याच्या वहीत आणि बोलण्यात राहते. तो बदलून गेला की त्याबरोबर जाते.

महाराष्ट्रालाही ही स्मृती नवी नाही. बाहत्तरच्या दुष्काळात आलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी आणि कामावर वाटलेली ‘सुकडी’ हे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. त्यांच्यासोबत ती कशी लागली, कोणी वाटली, कोणाला मिळाली नाही आणि तिच्या जोरावर कोणते जनावर वाचले, हेही सांगितले जाते. दारफूरच्या ‘रीगन’प्रमाणेच या शब्दांत दाता, धान्य आणि खाणारा यांचा संबंध शाबूत आहे. त्या काळातील वाटपाचे आकडे कागदोपत्री मिळतील. हा संबंध मात्र बोलीतच नोंदलेला आहे आणि तो सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. मराठीच्या अभ्यासकांना या विषयात प्रवेश करण्याचे कारण हवेच असेल, तर ते हेच.